अंजन पाण्यात बुडतं

माझ्या सख्ख्या भावाने मला लाकूड बदलून दिलं. हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे जमेल तिथे बोलून दाखवलं आहे. ऐकणारा दर वेळी माझ्याकडे बघत राहतो, म्हणजे बाई, पुढे? सोनं नाही, घर नाही, लाकूड? हो, लाकूड. आणि तुम्हीही हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला अजून त्याचा राग आहे आणि तो कमी करायचा माझा विचार नाही.

आमच्याकडे मुलीला जमीन देत नाहीत. कायदा देतो, घर देत नाही. बाप गेला की बहिणीने कचेरीत जाऊन सही करायची, भावाने साडी घ्यायची, आणि दोघांनी मिळून जेवायचं. मीही केली सही. माझ्याआधी माझ्या आत्यांनी केली, आत्यांच्या आधी त्यांच्या आत्यांनी अंगठे उठवले. मी बी.ए. झालेली असल्यामुळे माझी सही फक्त जास्त सुवाच्य आली.

पण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी एक वस्तू ठेवली होती. ती जमिनीच्या हिशेबात येत नव्हती, म्हणून मला वाटलं ती तरी मिळेल.

आबा शेतकरी, पण हात सुताराचे. घरातल्या प्रत्येक सुरीची, खुरप्याची, विळ्याची मूठ त्यांनी बसवलेली आणि ती मूठ अंजनाची. दुसरं लाकूड त्यांना मुठीसाठी चालत नसे. माझ्या लग्नात भांड्यांबरोबर त्यांनी स्वतः केलेली एक सुरी दिली. त्या सुरीचं पातं धार लावून लावून आज करंगळीएवढं अरुंद झालंय, पण मूठ तशीच्या तशी आहे, काळसर लाल, हाताच्या तेलाने गुळगुळीत. मी कांदा चिरताना पात्याकडे बघत नाही, मुठीकडे बघते. म्हणून माझी बोटं कापतात, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

बांधावरचं म्हातारं अंजन एका उन्हाळ्यात वादळाने पडलं. आबांनी त्याच्या बुंध्यातला चांगला सरळ ओंडका कापून घेतला, दोन्ही तोंडांना शेण थापलं आणि गोठ्यात सावलीला दोन दगडांवर ठेवून दिला. इतकं घट्ट लाकूड तोंडाकडून आधी सुकतं आणि तडकतं. शेण लावलं की ते हळूहळू, वर्ष-दोन वर्षं घेऊन सुकतं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. आबा मला म्हणाले, "हाई तुन्हं शे. नातना लगनले यान्याच मुठी करसूत." हे तुझं आहे, नातीच्या लग्नाला ह्याच्याच मुठी करू. ओंडका वाळायच्या आत आबाच गेले.

सही झाल्यावर दादाने, माझ्या थोरल्या भावाने, सगळ्या नातेवाइकांसमोर मोठ्या मनाने विचारलं, "माय, साडी तं शेच. आखो काय जोयजे ते माग."

आणखी काय पाहिजे ते माग. मी म्हटलं, "गोठ्यातला अंजनाचा ओंडका दे."

मामा हसले, मावशी हसली. दादा सगळ्यांत मोठ्याने हसला. "लई जाय ना! त्यानासंगे काड्या बी लई जाय चूल पेटाडाले." घेऊन जा, वर चूल पेटवायला काड्याही ने.

मीही हसले. ह्याचा मला आज सगळ्यांत जास्त राग येतो. मी कशाला हसले?

पुढच्या आठवड्यात दादाची ओली मिरची टेम्पोने नंदुरबारच्या बाजारात आली, तिच्यावर ओंडका आला. मी घरी नव्हते. आमच्या ह्यांनी एकट्याने उतरवून परसात ठेवला. एकट्याने! तिथेच मला खटकायला हवं होतं. आबांचा ओंडका हलवायला दोन माणसं आणि भरपूर शिव्या लागायच्या. पण माझ्या डोक्यात आलं काय, तर आपला नवरा या वयातही किती ताकदवान आहे. असं वाटण्याचे प्रसंग संसारात फार येत नाहीत, म्हणून मी तो सोडला नाही.

ओंडका काळाकुट्ट होता. दादाने जळकं ऑइल फासून पाठवला होता. फोनवर म्हणाला, वाळवी लागू नये म्हणून. मला भावाचं केवढं कौतुक वाटलं. आबांनी शेण लावलं, ह्याने ऑइल लावलं, बापाचा गुण उतरलाच!

मग मी कामाला लागले. मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि तिच्या सुऱ्यांच्या मुठी आपण घरीच काढायच्या असा माझा हट्ट. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यात दाढीवाले गोरे लोक मशीन लावून लोणी कापल्यासारखं लाकूड कापतात. माझ्याकडे मशीन नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानातून एक करवत आणली, परसात विटांवर ओंडका ठेवला, त्यावर एक पाय दिला आणि साडी खोचून सुरू झाले. आधी मुठीच्या लांबीपेक्षा थोडे मोठे तुकडे पाडायचे, मग त्यांच्या उभ्या फळ्या काढायच्या. मधला गाभा टाकून द्यायचा, कारण भेग तिथूनच सुरू होते. मग एका फळीतून समोरासमोरच्या दोन चिपा निघतात, त्यांच्यामध्ये सुरीचं पातं बसवून रिपीट, म्हणजे रिव्हेट, ठोकायचे. सांगायला हे एवढंच आहे. करायला माझे खांदे गेले, पाठ गेली आणि दोन्ही तळव्यांना फोड आले. भुसा वरणात, भुसा केसात, भुसा ह्यांच्या चहात.

शेजारची चाची भिंतीवरून डोकावून म्हणाली, "क्या बाई, पूरा जंगल घर में लाई क्या?"

"अंजन आहे चाची," मी घाम पुसत म्हणायचे. "अंजन म्हणजे अंजन!" करवत अडकली की मला राग यायच्या ऐवजी अभिमान वाटायचा. बघा, माझ्या बापाचं लाकूड कसं ऐकत नाही कोणाचं.

फळ्या निघाल्या. आतून गुलाबी-तांबूस. मला वाटलं, वाळल्यावर काळसर होतील.

आता वाळवायचा प्रश्न. हे लक्षात घ्या की माझं सासर मिरचीवालं. गावाबाहेर आमची छोटी पथारी आहे, म्हणजे जिथे ओली लाल मिरची जमिनीवर पसरून वाळवतात ती मोकळी जागा. तीस वर्षं मी मिरची पसरते, पलटते, तिचं डेख, म्हणजे देठ, मोडते. आमच्या घराला एकच विद्या येते आणि ती म्हणजे वाळवायची. कुरडया, पापड, मिरची, चादरी, माणसं, काहीही द्या, आम्ही वाळवून देतो. म्हणून मी विचारसुद्धा केला नाही. त्या फळ्या पथारीच्या एका कोपऱ्यात लख्ख उन्हात मांडल्या आणि मिरचीसारख्या दुपारी पलटत राहिले.

ह्यांनी विचारलं, "मिरची शे का ती?"

"तुम्हाला काय कळतंय," मी म्हटलं.

आबांनी ओंडका सावलीत का ठेवला होता, तोंडांना शेण का लावलं होतं, हे सगळं मला माहीत होतं. मीच आत्ता वर तुम्हाला सांगितलं. पण हाताची सवय डोक्याला विचारत नाही. एका दुपारी डेख मोडत बसले होते आणि कोपऱ्यातून टच्च असा आवाज आला. मग आणखी एक. जाऊन बघते तर फळ्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा. कामावरच्या बायका म्हणाल्या, बाई, लाह्या फुटी ऱ्हायन्यात काय?

त्या दिवशी मी जेवले नाही. बापाने ठेवलेली एकुलती एक वस्तू, ती मी पथारीत फोडली. दादाला फोन करायचं धाडस होईना. तो म्हणेल, देखा, दिन्हं तरी सांभाळता येत नही. बहिणींना काही का देत नाहीत याचं आयतं उत्तर मी त्याच्या हातात दिलं होतं.

मग आठवलं, उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं सुकून खिळखिळी झाली की आबा ती पाटाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. लाकूड फुगायचं, फटी मिटायच्या. म्हटलं, करून बघू. सगळ्या फळ्या उचलून आणल्या आणि परसातल्या टाकीत सोडल्या.

त्या तरंगल्या.

मी हाताने दाबल्या. परत वर आल्या. मी बघत राहिले. आणि मला लहानपणची विहीर आठवली. मी काठावर आबांच्या मुठीच्या तुकड्याशी खेळत होते, तो हातातून सुटला आणि दिसेनासा झाला. मी रडत म्हटलं, पोहरा सोडा, काढा. आबा म्हणाले, "आते कथा? अंजन शे ते माय, बुडी गयं." आता कुठलं मिळायला! बाकीची लाकडं तरंगतात, अंजन दगडासारखं बुडतं.

मी घरात धावले आणि लग्नातली सुरी आणून टाकीत टाकली. ती बुडाली. "बघा!" मी ओरडले.

हे शांतपणे म्हणाले, "लोखंड बी बुडस."

ते खरं होतं. मग मी अख्खं घर धुंडाळलं आणि एका मोडक्या खुरप्याची नुसती मूठ सापडली, आबांच्या हातची, पातं नसलेली. टाकीत सोडली. कुठेही न थांबता ती सरळ तळाला गेली. वर माझ्या फळ्या आरामात तरंगत होत्या.

ह्यांनी एक फळी उचलली, वास घेतला, नखाने खरवडली. "बाभूय शे," ते म्हणाले. "तुन्हा भाऊनी तुले बाभूय दिन्ही."

बाभूळ! बाभळीबद्दल माझी काही तक्रार नाही. बाभूळ चांगली. पण मी अंजन मागितलं होतं. पाच-पंचवीस माणसांत हसं करून घेऊन मागितलं होतं. आणि तो माणूस गोठ्यात गेला, ओंडका बघितला, दुसरा आणला, त्याला रंग लपावा म्हणून ऑइल फासलं, टेम्पोवर चढवला आणि वर वाळवीची काळजी सांगितली. एवढी मेहनत! नाही देत म्हणाला असता तर मी भांडले असते आणि विसरले असते. फसवलं, आणि तेही अशा खात्रीने की हिला काय कळणार. चीड त्याचीच आली. आणि त्याहून चीड याची, की त्याची खात्री खरी ठरत होती. मी महिनाभर बाभळीवर पाय देऊन "अंजन म्हणजे अंजन" करत अख्ख्या गल्लीला ऐकवत होते.

"जाऊ दे," हे म्हणाले. "मूठ तं मूठ."

त्या दिवशीचं वरण मी असं घोटलं की ह्यांनी गप्प बसून दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी माहेरी गेले. धानोऱ्याच्या पुढे उतरून पायी जावं लागतं. त्या वाटेवर मी काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, अगदी शाळेतल्या वक्तृत्वासारखं.

ते सगळं वाया गेलं, कारण ओंडका दारातच होता.

दादाने नवीन बांधलेल्या ओट्यासमोर तो आडवा टाकला होता. दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठोकळे, वरून रंधा मारून पॉलिश. गावातले चौघे त्यावर चहा पीत बसले होते. आबांनी थापलेलं शेण एका तोंडाला अजून चिकटलेलं होतं. तेवढं पुसायचं दादाला सुचलं नव्हतं.

"ये माय, ये!" दादा ओट्यावरून म्हणाला. "बठ. पानी पे."

"दादा, हे काय आहे?"

त्याने ओंडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाक शे."

"हे माझं अंजन आहे."

"अवं, तुले बी तं दिन्हं ना लाकूड."

"बाभूळ दिलीस!"

चौघांतला एक चहाच्या कपात बघू लागला. दादा खाली आला, आवाज उतरवून म्हणाला, "मूठले कोनतं बी चालस, माय. येवढं मोठं लाकूड फोडीसन तू सुऱ्या करशी? आठे लोके बठतस. दारनी शोभा शे. आबानं नाव निंघस."

इथे लोक बसतात, दाराची शोभा आहे, आबांचं नाव निघतं. आबांचं नाव! आबांनी आयुष्यात बाक केला नाही. त्यांना बसलेली माणसं आवडायची नाहीत.

मी सरळ गोठ्यात गेले. आबांची मोठी करवत खुंटीला टांगलेली होती, दोन्ही टोकांना उभ्या मुठी असलेली, दोघांनी ओढायची. तिच्या मुठीही अंजनाच्या. ती घेऊन मी बाहेर आले आणि चौघांना म्हटलं, "उठा."

ते उठले. कप हातात घेऊन उठले.

"याड लागनं का तुले?" दादा म्हणाला. "लोके देखी ऱ्हायनात!"

"बघू दे."

मी करवत लावली आणि सुरू केलं. आता दोघांची करवत एकटीने चालवणं म्हणजे काय ते सांगते. दुसरं टोक माशाच्या शेपटासारखं हलतं. ढकललं की पातं वाकतं आणि टँव असा आवाज होतो. पॉलिशवर ओरखडे उठले, बस्स. मी ओढत होते, पातं उड्या मारत होतं, पदर सुटत होता आणि माझ्या तोंडून जे निघत होतं ते बी.ए.मध्ये शिकवत नाहीत. घाम डोळ्यांत गेला. खाच झाली असेल नखाएवढी. खरं अंजन होतं ते, आता कळलं. बाभूळ माझ्याशी किती प्रेमाने वागली होती!

दादा हात बांधून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं ते हसू यायला लागलं होतं, सहीच्या दिवशीचं, काड्या लई जाय म्हणतानाचं. थोड्या वेळाने ही थकेल, पाणी पिईल, साडी नेसवून पाठवू. मला दिसत होतं की असंच होणार आहे. माझे हात खरंच थकले होते.

तेवढ्यात करवतीचं दुसरं टोक हलायचं थांबलं. वहिनीने धरलं होतं.

वहिनी भाकरीचं पीठ मळता मळता उठून आली होती, हात पांढरे. माझी आणि तिची कधी फार गोडी नव्हती. माझ्या माहेरपणात तिने मला मोजून पुरणपोळ्या वाढल्या आहेत आणि मी तिच्या भाजीला नावं ठेवली आहेत. ती खाली उकिडवी बसली, मूठ नीट पकडली आणि म्हणाली, "एकलीघाई व्हवाव नही, ताई. ढकलू नका. नुसतं ओढा."

"तू मजार जाय," दादा तिला म्हणाला. आत जा.

तिने वर बघितलंसुद्धा नाही. "मन्हा बापनी माले चमचा बी नही दिन्हा," ती मला म्हणाली. "सही मातर लई लिन्ही. ओढा."

मी ओढली. मग तिने ओढली. पातं एकदम सरळ चाललं, गहू दळल्यासारखा आवाज करत, आणि खाचेतून भुसा पडायला लागला, काळसर जांभळा. मी तो भुसा बघून रडले असते, पण वहिनीची ओढ जोरात होती आणि रडायला उसंत मिळेना. मला माझ्या सहीचा राग होता, तिला तिच्या. दुपार कलली. चौघांपैकी दोघे निघून गेले, दोघे ओट्यावर चढून बसले. दादा आत गेला, बाहेर आला, फोनवर कोणाशी तरी उगीच मोठ्याने बोलला. शेवटी म्हणाला, "बाक मोडस ना आते! आख्खं नका लई जावा!"

"अख्खं नको," मी म्हटलं. "माझ्यापुरतं हवं."

शेण लागलेल्या बाजूचा तुकडा खाली पडला तेव्हा जमीन हादरली. खरंच हादरली, कप वाजले. वहिनी उठली, कंबर धरली आणि म्हणाली, "मन्हा भाकरी राह्यन्यात." दारापर्यंत जाऊन परत फिरली. "ताई, मुठी काढशात तं मन्हासाठे बी एक ठेवजात."

तो तुकडा बसपर्यंत कसा आणला ते विचारू नका. दादाने मोटारसायकलवर आणून दिला, हे मला सांगावं लागेल. मला त्यात माफी दिसली नाही. वजनच इतकं होतं की दुसरा इलाज नव्हता.

आता तो तुकडा आमच्या घरात पलंगाखाली आहे. सावलीत. दोन्ही तोंडांना मी ताजं शेण थापलंय, त्यामुळे पाहुणे आले की ह्यांना तोंड लपवावं लागतं. तो वाळायला वर्ष जाईल, कदाचित जास्त. मुलीचं लग्न त्याआधी होऊन जाईल. तिला मी सांगितलंय, सुरी नंतर येईल, थांब. पथारीकडे मी त्याला फिरकू देणार नाही. बाभळीच्या फुटक्या फळ्यांवर पाणी तापवलं, छान जळाल्या.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस झाला, मिरचीची रोपं झाली. मग म्हणाला, "राखीले येशी ना?"

"येईन ना."

"ये. साडी लई ठेवी शे." मग पुढे, "वहिनी बी सांगी ऱ्हायनी. लोके इचारतस, बाक असा लहान कसा व्हयना. तिघंच बठतस आते."

"दादा," मी म्हटलं, "साडी राहू दे. आबांच्या करवतीला तेल लावून ठेव."

त्याने फोन ठेवला. मी पलंगाखाली वाकून ओंडक्याला आदल्या दिवशी नव्याने थापलेलं शेण तपासलं. अजून ओलं होतं.